तारा उचलणारा

रथ साठ फूट, खांब तीस.
हे गणित पाटणमधलं कुठलंही पोर सांगेल.
मधल्या तीस फुटांचं काय,
ते मला विचारा.

वैशाखात देव पुलचोकातून निघतो,
त्याच्या आदल्या दिवशी मी निघतो.
खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड,
वळणावळणाला मान वर करून तारा मोजत.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खांबावर चार होत्या.
मग टेलिफोन आला, केबल आली, इंटरनेट आलं,
मग अशाही काही, ज्यांचा धनी कोण
हे कंपन्यांनाही ठाऊक नाही,
भाडेकरू सोडून गेल्यावर
वाळत घालायची दोरी राहावी तशा नुसत्या लोंबणाऱ्या.
गाबहालच्या तोंडाशी इतका गुंता
की एक कबुतरीण त्यातच अंडी घालते.
आधी मी घरटं सरकवतो, मग तार.

माझा बा वेतवाला.
मनोऱ्याच्या टोकाशी, वाऱ्यात,
दातांनी वेत ताणून गाठ मारायचा.
मी वीजमंडळात लागलो तेव्हा म्हणाला,
देवाची वाट अडवणाऱ्यांची चाकरी धरलीस.
आणि दोन वर्षं
जेवताना ताट माझ्याकडे पाठ करून घेतलं.

तिसऱ्या वर्षी रथ कलला.
मंगळबाजाराच्या अलीकडे, एका काळ्या केबलला अडकून.
खाली दोरखंड ओढणारी हजार माणसं एकदम गप्प,
वर बा, मनोऱ्याला पाय विळखून,
समोर मी, खांबावर.
दोघांत हातभर अंतर.
तारेवरची कसरत म्हणतात ती
आमच्या घरात त्या दिवशी दोघांनी केली.
बा ओरडला, वेताला हात लावू नकोस!
मग जरा खालच्या आवाजात,
तू तुझी तार धर.

मी धरली.
गल्लीची वीज गेलेली, मीच घालवलेली.
खाली तुपाचे दिवे आणि मोबाइलचे दिवे
वरून सारखेच दिसत होते, खरं सांगतो,
फक्त तुपाचे हलत होते.
रथ सरळ झाला. बा माझ्याकडे बघत नव्हता,
माझ्या गाठीकडे बघत होता.

पुढच्या वर्षी गुठीच्या वहीत
पूर्णबीर कारकुनाने ओळीने लिहिलं:
सुतार, वेतवाले, चाकाला पाचर लावणारे,
तेलवाला, आणि शेवटी वेगळ्या शाईत,
लाइनमन, एक.
शिधा: पोहे, काळे सोयाबीन, आल्याचा तुकडा,
एक अंडं, वाटीभर आयला.
मानकरी झालो मी, पक्कडीचा मानकरी.
एकवीस वर्षं ते अंडं खाल्लं.

आता रस्ते खणलेत.
निळे पाइप, पावसाच्या आधी संपवायचं म्हणून रात्रपाळी.
इंजिनिअर रोजिना डंगोल हसून म्हणाली,
काका, पुढच्या वैशाखात आकाश मोकळं!
चांगलं झालं, म्हणालो.
चांगलंच झालंय, त्यात खोट नाही.
बा असता तर त्या खड्ड्यात नारळ फोडला असता.

पण मला अष्टमान आठवतो.
रथापुढे मशालीचं तेल घेऊन चालणारा.
गल्लीत बल्ब लागले तरी तो चालायचा,
रिकामा डबा हलवत, तोंडाने वाट द्या, वाट द्या,
आणि आम्ही पोरं मागून डबा वाजवायचो.
त्याच्या मुलाचं नाव अजून वहीत आहे: तेलवाला.
तो कतारला असतो, शिधा शेजारी नेतात.
गुठीत नाव खोडायची पद्धत नाही.

काल शिडीला तेल दिलं, कशाला कुणास ठाऊक.
बायको म्हणाली, विकून टाका, ॲल्युमिनियमला भाव आहे.
मी गाबहालला गेलो.
खांब अजून आहे, गुंता अजून आहे,
उतरवण्याची तारीख चिकटवलीय.
कबुतरीण बसलेली होती.
मान वर करून मोजलं,
सवयीने,
दोन अंडी.